पोत : माती, धागा आणि अलंकार यांच्या नात्याचा आढावा

मराठीत ‘पोत’ हा शब्द जमिनीला लागतो, कापडाला लागतो आणि गळ्यात घालायच्या मण्यांच्या सरालाही लागतो. पहिल्या दोन अर्थी तो पुल्लिंगी आहे आणि तिसऱ्या अर्थी स्त्रीलिंगी, त्यामुळे तिन्ही अर्थांची व्युत्पत्ती एकच असेल असे धरून चालणे धोक्याचे ठरेल. तरीही माती, वीण आणि अलंकार एकाच शब्दाभोवती गोळा व्हावेत, हा भाषेतला योगायोग कलेच्या इतिहासातील एका जुन्या प्रश्नाकडे नेमके बोट दाखवतो. जगाच्या जवळजवळ प्रत्येक भागात भांड्यांच्या अंगावर दोरीचे, चटईचे, जाळीचे, काठपदराचे आणि दागिन्यांचे रूप उमटलेले दिसते. मागावरच्या नक्षीने मातीला वळण लावले, मातीने मागाला शिकवले, की दोन्ही कलांनी तिसऱ्याच कुठल्या तरी ठिकाणाहून उचल केली, याविषयी गेली सुमारे दीडशे वर्षे वाद चालू आहे, आणि आजही हाताने घडवलेल्या मृत्पात्रांचे वा विणलेल्या कलाकृतींचे प्रदर्शन भरले की तोच प्रश्न नव्या कपड्यांत समोर येतो.

वादात शिरण्यापूर्वी पुराव्याची एक अडचण ध्यानात घ्यावी लागते. माती साधारण पाचशे ते सहाशे अंश सेल्सिअसपर्यंत तापली की तिच्या कणांत रासायनिक रीतीने बांधलेले पाणी निघून जाते आणि त्यानंतर ती पुन्हा चिखल होऊ शकत नाही. म्हणूनच खापर हजारो वर्षे टिकते. सूत, ताग, लोकर आणि रेशीम मात्र ओल्या हवेत कुजून जातात आणि इजिप्तची वा पेरूच्या किनाऱ्याची कोरडी वाळू सोडली तर त्यांचे अवशेष क्वचितच हाती लागतात. परिणामी वस्त्राचा प्राचीन इतिहास फार मोठ्या प्रमाणात मातीवरून वाचावा लागतो. चात्यांच्या भाजलेल्या चकत्या, उभ्या मागावरचे धागे ताणून धरणारी मातीची वजने, ओल्या मातीवर पडलेले कापडाचे ठसे, हीच त्याची मुख्य साधने होत. ज्या पदार्थाचा पुरावा उरला तोच पदार्थ मूळचा, असा समज अशा वेळी सहज होतो, आणि या विषयावरील बरेच जुने लेखन त्या समजाला बळी पडलेले आहे.

ठशांचा पुरावा किती मागे जातो हे पाहिले म्हणजे हा समज डळमळू लागतो. चेक प्रजासत्ताकाच्या मोराविया भागात डोल्नी व्हेस्तोनीत्से आणि पाव्लोव्ह या हिमयुगीन वस्त्यांत भाजलेल्या मातीचे जे लहान लहान तुकडे मिळाले, त्यांपैकी काहींवर गुंफलेल्या व विणलेल्या तंतूंचे ठसे १९९०च्या दशकात ओळखले गेले, आणि ते सुमारे सव्वीस हजार वर्षांपूर्वीचे आहेत. शेती अजून सुरू व्हायची होती, भांडी घडवणेही सुरू व्हायचे होते. पण त्याच वस्तीत १९२५ साली सापडलेली भाजलेल्या मातीची प्रसिद्ध स्त्रीमूर्ती दाखवते की माती भाजण्याची युक्ती त्या शिकारी माणसांना ठाऊक होती. म्हणजे भाजलेली माती आणि गुंफलेला धागा यांचे अतिप्राचीन पुरावे एकाच वस्तीतून येतात, आणि पहिले मडके घडण्याच्या कितीतरी आधी माणसाच्या हाताला वीण अवगत होती.

मडकी घडू लागल्यावर ही जवळीक अधिक उघड झाली. जपानमधील ‘जोमोन’ या प्रागैतिहासिक संस्कृतीचे नावच दोरीच्या खुणेवरून पडले आहे. एडवर्ड मोर्स या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञाने १८७७ मध्ये टोकियोजवळच्या ओमोरी येथे उत्खनन केले तेव्हा खापरांवरील दोरीच्या ठशांचे त्याने केलेले वर्णन पुढे जपानी भाषेत ‘जोमोन’ असे रूढ झाले. हे ठसे नुसती दोरी दाबून काढलेले नाहीत. पीळ दिलेली दोरी ओल्या भांड्याच्या अंगावरून लाटण्यासारखी फिरवली की तिच्या पिळाप्रमाणे तिरप्या रेघांचे शेत उमटते, पीळ उजवा की डावा, पदर दोन की तीन, दोरीला गाठी किती, यानुसार नक्षी बदलते, आणि पुरातत्त्वज्ञ यामानोउची सुगाओ यांनी ही रीत उलगडल्यानंतर खापरावरून मूळ दोरी पुन्हा वळून दाखवणे शक्य झाले. युरोपातील इ. स. पू. तिसऱ्या सहस्रकातील एका मोठ्या संस्कृतीलाही तिच्या दोरीठशांच्या भांड्यांवरूनच नाव मिळाले आहे. भारतात पूर्व उत्तर प्रदेशातील लहुरादेव आणि आसामातील दाओजली हादिंग येथे दोरीच्या ठशांची खापरे मिळतात. यामागे नक्षीची हौस होतीच, पण कारागिरीची गरजही होती. दोरी गुंडाळलेल्या थापीने भिंत ठोकली तर ओली माती थापीला चिकटत नाही, भिंत घट्ट होते आणि खरखरीत अंगाचे मडके हातातून निसटत नाही. उपयोग आणि शोभा यांची अशी सरमिसळ या विषयात वारंवार भेटते आणि दोन्ही वेगळी काढण्याचा हट्ट बहुधा वाया जातो.

भारतीय उपखंडातला पुरावा याहून वेगळ्या वाटेने येतो आणि त्यात अलंकार मधोमध उभा आहे. बलुचिस्तानातील मेहेरगढ येथे इ. स. पू. सहाव्या सहस्रकातील एका तांब्याच्या मण्याच्या भोकात कापसाचे तंतू टिकून राहिले, कारण तांब्याच्या क्षारांनी त्यांना कुजू दिले नाही. हीच गोष्ट महाराष्ट्रात घडली. प्रवरेकाठच्या नेवासे येथे १९५४ ते १९५६ या काळात हसमुख सांकळिया यांच्या मार्गदर्शनाखाली झालेल्या उत्खननात ताम्रपाषाणयुगीन दफनात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली आणि तिच्यातील धागा कापूस व रेशीम यांचा असल्याची नोंद झाली. पुणे जिल्ह्यातील चांदोली येथे तशाच मण्यांत जवसाच्या वाखाचा धागा आढळला. त्याच काळाच्या जोर्वे पद्धतीच्या भांड्यांवर तांबड्या अंगावर काळ्या रंगाने तिरप्या रेघांच्या जाळ्या, शंकरपाळे आणि समांतर पट्टे काढलेले असतात. ही नक्षी कापडावरून घेतली असे म्हणण्यास पुरावा नाही, कारण कापड उरलेले नाही. पण सूत कातणारी, मणी ओवणारी आणि भांडी रंगवणारी माणसे एकाच लहान गावात राहत होती एवढे मात्र मातीच सांगते.

हडप्पा संस्कृतीत मातीचा आणि कापडाचा संबंध याहून जवळचा होता. तेथील फायान्सची लहान भांडी आतून पाहिली तर त्यांवर विणीचे ठसे दिसतात. फायान्स म्हणजे गारगोटीची पूड, क्षार आणि रंगासाठी तांब्याचे संयुग यांचे मिश्रण, जे भाजल्यावर निळसर हिरव्या काचेसारखे चकाकते. रूढ अर्थाने ती माती नव्हे, पण घडवणे आणि भाजणे दोन्ही मातीसारखेच. हे मिश्रण चाकावर नीट उभे राहत नसल्यामुळे वाळू भरलेल्या कापडी पिशवीभोवती भांडे थापले जाई आणि मग वाळू काढून पिशवी ओढून घेतली जाई. पिशवी गेली, तिची वीण आत राहिली. सिंधू प्रदेशातल्या सुताची बारीक वीण आज प्रत्यक्ष पाहता येते ती अशाच उलट्या प्रतींतून. युरोपात या युक्तीचे एक उशिराचे भावंड आढळते. जर्मनीत ड्रेस्डेन परिसरातील चिनी मातीच्या बाहुल्यांना झालरीचे झगे घालताना खरी सुती लेस पातळ मातीत बुचकळून बाहुलीच्या अंगावर बसवीत. भट्टीत धागा जळून जाई आणि त्याच्या प्रत्येक फाशाभोवतीची माती तेवढी कडक होऊन राही. कलाकृती म्हणून या बाहुल्या फार गोड आहेत आणि त्यांचा लवकरच कंटाळा येतो, पण धागा जाळून धाग्याचे रूप मिळवण्याची त्यांची रीत या साऱ्या विषयाचा गाभा उघडून दाखवते.

आता सिद्धान्तांकडे वळता येईल. गोटफ्रीड सेंपर या जर्मन वास्तुशिल्पकाराने १८६०च्या दशकारंभी प्रसिद्ध केलेल्या शैलीविषयक ग्रंथात असे मांडले की विणकाम ही आद्यकला असून भिंतीचे मूळ रूपही टांगलेली चटई हेच होय. दगड, लाकूड वा माती या पदार्थांवर जी नक्षी येते ती मुळात विणीची नक्षी असते आणि पदार्थ बदलला तरी तिची आठवण मागे राहते. अमेरिकेत १८८०च्या दशकात विल्यम हेन्री होम्स आणि फ्रँक हॅमिल्टन कशिंग यांनी नैर्ऋत्येकडील प्वेब्लो लोकांच्या भांड्यांचा अभ्यास करून टोपली आधी आणि मडके नंतर, असा क्रम लावला. त्या प्रदेशातील जुन्या स्वयंपाकाच्या भांड्यांवर मातीच्या वळ्या न पुसता चिमटून तशाच ठेवलेल्या असतात आणि पाहणाऱ्याला त्या वेताच्या टोपलीच्या वेढ्यांसारख्या वाटतात, त्यामुळे हा क्रम पटण्यासारखा होता. एका पदार्थात गरजेपोटी आलेले रूप दुसऱ्या पदार्थात गरज संपल्यावरही शोभेसाठी टिकते, या घटनेला इंग्रज अभ्यासक हेन्री कॉली मार्च यांनी १८८९ मध्ये ‘स्क्यूओमॉर्फ’ हे नाव दिले. मराठीत त्याला ‘स्मृतिरूप’ म्हणता येईल.

या विचाराला सर्वांत जोरदार विरोध व्हिएन्नाच्या आलोइस रीगल यांनी १८९३ मधील आपल्या शैलीविषयक ग्रंथात केला. नक्षी ही तंत्रातून आपोआप गळून पडत नाही, ती माणसाच्या कलाप्रेरणेतून येते आणि एका नक्षीतून दुसरी नक्षी वाढते, असे त्यांचे म्हणणे होते. गमतीचा भाग असा की रीगल हे संग्रहालयातील वस्त्रविभागाचे प्रमुख होते, आणि वस्त्राला आद्यपद देण्यास नकार देणारा सर्वांत समर्थ युक्तिवाद वस्त्रे सांभाळणाऱ्या माणसाकडून आला. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. ताणा आणि बाणा, म्हणजे उभे आणि आडवे धागे, यांच्या काटकोनी जाळीत गोल रेघ काढता येत नाही. ती पायऱ्यापायऱ्यांनी काढावी लागते, आणि म्हणून ओल्या मातीवर मोकळेपणी फिरू शकणारा कुंचला जेव्हा विनाकारण पायऱ्या काढतो तेव्हा मागाचा संशय घेणे रास्त ठरते. उलट शंकरपाळ्यांची जाळी किंवा नागमोडी रेघ कुणाही मुलाच्या हातून सहज निघते, तिच्यासाठी माग शोधण्याची गरज नाही. सेंपर यांचा सिद्धान्त सर्वांना लावायला गेले की फसतो आणि एका ठिकाणी, एका काळी, दोन्ही वस्तू समोरासमोर ठेवून तपासला की पुष्कळदा खरा ठरतो.

असे समोरासमोर ठेवणे जिथे खरोखर शक्य आहे तो प्रदेश म्हणजे पेरूचा दक्षिण किनारा. तेथील पाराकास द्वीपकल्पावर हुलिओ टेयो यांनी १९२७ मध्ये उघडलेल्या दफनभूमीत चारशेहून अधिक शव-गाठोडी मिळाली आणि कोरड्या वाळूमुळे त्यांच्यावर गुंडाळलेली लोकरी भरतकामाची वस्त्रे रंगांसह टिकून राहिली होती. वस्त्रांवर उडत्या, मुखवटा घातलेल्या, हातात शस्त्र वा रोप धरलेल्या आकृती पुन्हा पुन्हा येतात, आणि लगेच पुढच्या काळातील नास्का भांड्यांवर त्याच आकृतींचा परिवार अनेक रंगांत उमटतो. पाराकासच्या कुंभारांचा रंग भाजल्यानंतर राळेत कालवून लावलेला असे आणि तो खरवडला जाई; नास्काच्या कुंभारांनी रंगीत मातीचे पातळ लेप भाजण्यापूर्वी लावून घोटले, त्यामुळे कापडावरची रंगसंपन्नता प्रथमच भांड्यावर कायमची बसली. या प्रदेशात वस्त्राचा मान सोन्याहून कमी नव्हता, त्यामुळे मातीने वस्त्राच्या मागे चालावे यात नवल नाही. उत्तर किनाऱ्यावरील मोचे संस्कृतीचे एक रुंद तोंडाचे भांडे ब्रिटिश म्युझियममध्ये आहे आणि त्याच्या काठावर छपराखाली बसून, माग एका टोकाला खांबाशी व दुसऱ्या टोकाला कमरेशी बांधून विणणाऱ्या स्त्रिया रंगवलेल्या आहेत. येथे मातीने वस्त्राची नक्षी घेतली नाही, तिने विणणारीचे चित्रच काढले.

अलंकाराची बाजू या वादात नेहमी दुय्यम मानली गेली आहे आणि ती चूक आहे. मणी ही भाजलेल्या पदार्थाची सर्वांत लहान वस्तू आणि ओवलेला सर हे सर्वांत साधे वस्त्र, असे मानले तर दोन्ही कलांमधली भिंत फार पातळ होते. बोस्टनच्या ललितकला संग्रहालयातील इजिप्शियन जाळीचा झगा हे याचे सर्वोत्तम उदाहरण आहे. गिझा येथील १९२७ मधील उत्खननात एका स्त्रीच्या दफनात इ. स. पू. सव्वीसाव्या शतकातील, खूफू राजाच्या काळचे, फायान्सचे सुमारे सात हजार मणी सापडले. दोरा कुजला होता, पण काही मणी आपल्या जागी राहिल्यामुळे शंकरपाळ्यांच्या जाळीचा तो झगा पुन्हा ओवता आला. हा झगा वस्त्र, अलंकार की मृत्कलेचा नमुना, असे विचारले तर तिन्ही विभागांचे अभिरक्षक हक्क सांगू शकतील. हडप्पा संस्कृतीतील बांगड्यांचीही हीच स्थिती आहे. साध्या मातीच्या आणि फायान्सच्या बांगड्यांखेरीज तेथे अतिशय बारीक मातीच्या, बंद पात्रात कोंडून भाजलेल्या, दगडासारख्या कणखर करड्या-काळ्या बांगड्या बनत. त्यांचा आतला व्यास साडेपाच-सहा सेंटिमीटरच्या आसपास ठरावीक असे, काहींवर बारीक अक्षरे कोरलेली असत, आणि भट्टीवर एवढी मेहनत घेतलेली वस्तू भांडे नसून दागिना असावी ही बाब त्या समाजात अलंकाराचे वजन किती होते ते सांगते.

दक्षिण आफ्रिकेतील झुलू लोकांत भांडे, वीण आणि देह यांची सांगड आजही एका वस्तूत पाहता येते. ‘उखांबा’ हे मद्य वाढण्याचे गोल भांडे स्त्रिया चाकाशिवाय, वळ्यांवर वळ्या रचून घडवतात, दुसऱ्यांदा धुराने काळे करतात, कारण पूर्वजांना अंधार प्रिय मानला जातो, आणि त्याच्या अंगावर ‘अमासुम्पा’ नावाच्या उठावदार टिकल्यांचे पट्टे बसवतात. या टिकल्यांचे साम्य त्वचेवर मुद्दाम उठवलेल्या व्रणांच्या अलंकरणाशी दाखवले गेले आहे. त्यावर जे झाकण येते ते ‘इंबेंगे’ गवताचे किंवा ताडपात्याचे विणलेले असते, पुढे त्यावर रंगीत मणी गुंफले जाऊ लागले, आणि विसाव्या शतकात शहरी कामगारांच्या हाती टेलिफोनची रंगीत तार आली तेव्हा झाकणे त्या तारेची होऊ लागली. नेस्टा नाला (१९४०–२००५) या कुंभार स्त्रीच्या भांड्यांमुळे ही परंपरा जगभरच्या संग्रहालयांत पोहोचली. परंतु भांडे मृत्कलेच्या कपाटात आणि झाकण वेगळ्या कपाटात गेले की वस्तूचा अर्धा अर्थ हरवतो.

राजदरबारी कलेत नक्षीच्या प्रवासाचा मार्ग निराळा आणि पुष्कळ सोपा होता. सोळाव्या शतकातील ऑटोमन तुर्कस्तानात राजवाड्याचा ‘नक्काशखाना’ एकच असे. तेथील चित्रकारांनी काढलेली लवलवती पाने, ट्युलिपची व कार्नेशनची फुले इझनिकच्या भट्टीत फरशांवर जात आणि तीच रेशमी किनखापावरही जात. तीन गोळे आणि दोन लहरी यांच्या तुर्की नक्षीला कलेतिहासात ‘चिंतामणी’ हे संस्कृत नाव पडले आहे आणि ती कफ्तानावरही आहे, फरशीवरही आहे. येथे माती कापडाचे अनुकरण करते की कापड मातीचे, हा प्रश्नच गैरलागू आहे, कारण दोन्ही एकाच कागदाची मुले आहेत. चीनच्या छिएनलुंग बादशहाच्या कारकिर्दीतील (१७३६–१७९५) काही फुलदाण्यांच्या पोटाभोवती रेशमी रुमाल गाठ मारून बांधल्याचा भास होतो. चुण्या, गाठ, वेलबुट्टी सारे चिनी मातीचेच असते. कौशल्याचा हा खेळ आहे, त्यापलीकडे त्यात फारसे काही शोधू नये.

बंगालमधील बालुचरी साडीची कथा मात्र उलट्या दिशेची असल्यामुळे जरा थांबून पाहण्यासारखी आहे. मुर्शिदाबाद जिल्ह्यातील बालुचर येथे विणल्या जाणाऱ्या जुन्या रेशमी साड्यांच्या पदरावर हुक्का ओढणारे नवाब, घोडेस्वार, गोरे साहेब आणि पुढे आगगाडीसुद्धा येत असे. १९०३ मध्ये दुबराज दास हा शेवटचा नामांकित विणकर गेला आणि ती कला जवळजवळ संपली. तिचे पुनरुज्जीवन १९५०च्या दशकात बिष्णुपूर येथे सुभो ठाकूर यांच्या पुढाकाराने आणि अक्षयकुमार दास या कारागिराच्या हातून झाले, तेही जकार्ड मागावर, म्हणजे छिद्रांच्या पुठ्ठ्यांनी धागे उचलणाऱ्या यंत्रावर. बिष्णुपुरात मल्ल राजांनी सतराव्या शतकात बांधलेली विटांची मंदिरे आहेत, १६४३चे श्यामराय आणि १६५५चे जोडबांगला त्यांत विशेष प्रसिद्ध, आणि त्यांच्या भिंतींवर भाजलेल्या मातीच्या चौकटींतून रामायण, महाभारत, शिकार आणि कृष्णलीला आडव्या ओळींत रचलेल्या आहेत. नव्या बालुचरीच्या पदरावर हीच दृश्ये आली. मातीच्या चौकटी आधीच काठपदरासारख्या रांगेत बसवलेल्या असल्यामुळे त्या पदरावर सहज उतरल्या, आणि आता गिऱ्हाइकाला वाटते की ही नक्षी साडीवर शतकानुशतके आहे. ती मातीत शतकानुशतके आहे, धाग्यात विसाव्या शतकाच्या मध्यापासून.

माती आणि धागा एकाच घरात, एकाच हाताखाली पाहायचे असतील तर कच्छकडे जावे लागते. तेथील भुंगा नावाच्या गोल घरांच्या भिंतींवर स्त्रिया माती आणि जनावरांचे शेण कालवून बोटांनी उठावाची नक्षी काढतात आणि ती ओली असतानाच तिच्यात आरसे बसवतात. हे लिप्पण काम भाजले जात नाही, त्यामुळे काटेकोर अर्थाने ती मृत्पात्रकला नव्हे. पण भिंतीत बसणारे आरसे, ज्यांना तेथे ‘आभला’ म्हणतात, तेच घागऱ्यावर आणि कांचळीवर टाक्यांनी बसवले जातात. खावडा येथील कुंभारांत पुरुष चाकावर भांडे उतरवतात आणि स्त्रिया तांबड्या, काळ्या व पांढऱ्या मातीने त्यावर पट्टे, ठिपके आणि नागमोडी रेघा भरतात. या ठिकाणी नक्षी एका पदार्थातून दुसऱ्यात कशी गेली याचे उत्तर देण्यासाठी स्मृतिरूपाचा सिद्धान्त लागत नाही. सकाळी भिंत सारवणारी आणि दुपारी टाका घालणारी बाई एकच आहे. महाराष्ट्रातील संक्रांतीच्या सुगडांना दोरा गुंडाळून हळदकुंकवाची बोटे ओढतात तेव्हा भांडे, धागा आणि सौभाग्यालंकार यांची अशीच भेट होते, फक्त तिला कुणी कला म्हणत नाही.

आधुनिक काळात हे दोन हात शिक्षणसंस्थांनी वेगळे केले आणि कलावंतांना ते पुन्हा जोडावे लागले. वायमार येथे १९१९ साली स्थापन झालेल्या बाउहाउस या जर्मन कलाशाळेत कुंभारकामाची कार्यशाळा दूर डोर्नबुर्ग गावी होती, मुलींना बहुतेक विणकामाकडे वळवले जाई, आणि १९२५ मध्ये शाळा डेसाऊला गेली तेव्हा कुंभारशाळा मागेच राहिली. तिथल्या आनी आल्बर्स यांनी विणकाम निरुपायाने स्वीकारले आणि त्यातून आयुष्यभराचे काम उभे केले. १९३३ नंतर अमेरिकेत असताना मेक्सिकोतील मोंते आल्बान येथील थडग्यातून निघालेले दागिने पाहून त्यांनी आपल्या एका विद्यार्थ्याबरोबर वॉशर, केसाच्या पिना आणि मोरीची जाळी अशा बाजारी वस्तूंच्या माळा केल्या, आणि १९६५चे आपले विणकामावरील पुस्तक प्राचीन पेरूच्या विणकरांना अर्पण केले. व्हिएन्नाहून १९३८ मध्ये लंडनला आलेल्या लूसी री यांनी युद्धकाळात शिवणाऱ्यांच्या दुकानांसाठी मातीच्या गुंड्या केल्या. भांड्यांना मागणी नव्हती, कपड्यांना गुंड्या लागत होत्या. पुढे त्यांच्या वाडग्यांवर लेप खरवडून काढलेल्या बारीक आडव्याउभ्या रेघांची जी जाळी येते ती पाहताना विणकामाच्या सुयांची आठवण होते, जरी त्या रीतीचे स्फुरण त्यांना एव्हबरीच्या संग्रहालयातील कांस्ययुगीन भांड्यांवरून मिळाले होते.

जपानच्या शिमाओका तात्सुझो (१९१९–२००७) यांच्या कामात जुना प्रश्न सर्वांत समाधानकारक रीतीने सुटलेला दिसतो. त्यांचे वडील टोकियोत रेशमी गोफ विणत. मुलगा माशिको गावी हामादा शोजी यांच्याकडे कुंभारकाम शिकला, आणि वडिलांच्या व्यवसायातील गोफ ओल्या भांड्यावर फिरवून उमटलेल्या खाचांत त्याने पांढरी माती भरली. जोमोन काळातील दोरीची युक्ती, कोरियाची माती भरण्याची रीत आणि घरचा गोफ एकत्र आले. १९९६ मध्ये जपानने त्यांना राष्ट्रीय ठेव मानलेल्या जिवंत कलावंतांत स्थान दिले.

भारतात हा धागा बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातून जातो. तेथील अध्यापक आणि चित्रकार के. जी. सुब्रमण्यन यांनी १९५९ ते १९६१ या काळात मुंबईत अखिल भारतीय हातमाग मंडळात काम केले, पुढे लखनौच्या रवींद्रालयावर भाजलेल्या मातीचे भव्य भित्तिशिल्प केले आणि नंतर मातीच्या उठावचित्रांची मालिका घडवली. त्याच सुमारास चित्रकार प्रभाकर बरवे विणकर सेवा केंद्रात होते. या केंद्रांमुळे चित्रकाराला मागाशेजारी बसण्याची संधी मिळाली. सुब्रमण्यन यांची विद्यार्थिनी मृणालिनी मुखर्जी (१९४९–२०१५) यांनी तागासारख्या जाड दोराला गाठी मारत, कुठलाही माग वा साचा न वापरता, माणसाएवढ्या उंच वनदेवतांसारख्या आकृती उभ्या केल्या. त्या आकृतींत वस्त्राच्या चुण्या, फुलांची पाकळी आणि मूर्तीचे अलंकार वेगळे काढता येत नाहीत. १९९०च्या दशकात नेदरलँड्समधील एका मृत्कला केंद्रात त्यांनी मातीला हात घातला, आणि दोराच्या गाठीत जी घडी होती तीच घडी मातीच्या पातळ थरांत आली, पुढे ओतीव काशातही आली. त्यांच्या मातीच्या कामावर कुठेही विणीचा ठसा नाही, आणि तरीही विणकरणीचा हात त्यात ओळखू येतो; आजच्या मृत्कलेत ओल्या मातीवर लेसचा तुकडा दाबून ‘वस्त्रप्रेरित’ म्हणवणाऱ्या पुष्कळ वस्तूंपेक्षा ही शिल्पे वस्त्राला अधिक जवळची आहेत. ठसा घेणे सोपे असते. माग किंवा गाठ ज्या शिस्तीने रूप वाढवते ती शिस्त दुसऱ्या पदार्थात नेणे अवघड असते, आणि ते साधण्यासाठी दोन्ही कामे हाताने केलेली असावी लागतात.

महाराष्ट्रातील अभ्यासकाला यासाठी फार दूर जाण्याची गरज नाही. धाराशिव जिल्ह्यातील तेर म्हणजे प्राचीन तगर, आणि इ. स.च्या पहिल्या शतकात ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथाने तगरहून भडोच बंदराकडे जाणाऱ्या मालात जाडेभरडे कापड आणि मलमल यांची नोंद केली आहे. त्या कापडाचा सूतभरही आज उरलेला नाही. उरल्या आहेत त्या सातवाहनकालीन पांढऱ्या चिकणमातीच्या लहान मूर्ती, डोक्यावरचे भरघोस शिरोभूषण, गळ्यातले सर आणि कमरेच्या मेखला मिरवणाऱ्या. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात जाणाऱ्या वाचकाने त्या पाहाव्यात, आणि शक्य झाल्यास मागच्या बाजूनेही पाहाव्यात. त्या दुहेरी साच्यातून काढलेल्या आहेत, म्हणजे कारागिराने पाठीसाठीही साचा केला होता.